जुना फ्रिज घ्यायचाय, बजेट सहा हजार. काय बघू, कुठे बघू?

गुलबक्षी । २६ मार्च, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. मी अकोल्यात राहते, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आजवर एकटीच होते, त्यामुळे फ्रिजवाचून काही अडलं नाही. अर्धा लिटर दूध रोज आणायचं, भाजी त्या दिवसापुरती, पाण्याला माठ. पण एप्रिलमध्ये आई माझ्याकडे राहायला येतेय आणि तिला दिवाळीपासून इन्सुलिन सुरू झालंय. गावी शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवते. इथे उन्हाळ्यात पारा ४३-४४ च्या घरात जातो, म्हणजे फ्रिज हवाच.

बजेट सहा हजार, टेम्पो-हमाली त्यातच. खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. नवा हप्त्यावर घ्या असं सगळे सांगतात, पण आमचं मानधन कधी तीन-तीन महिन्यांनी हातात पडतं, हप्ता चुकला तर काय याची धास्ती वाटते.

काल एका दुकानात दोन फ्रिज बघितले. १८० लिटरचा सिंगल डोअर ५,५०० ला आणि २४० लिटरचा डबल डोअर ४,८०० ला. मोठा स्वस्त कसा? दुकानदार म्हणाला, "ताई, मोठा न्या, परत बघायला नको." दोन्ही चालू होते, दोन्ही आतून गार होते. मग पारख करायची तरी कशी?

तिफण । २६ मार्च, रात्री ९:३२

मोठा अजिबात नको. जिना अरुंद आहे हे एकच कारण पुरे.

हिशेबाची_वही । २६ मार्च, रात्री ९:५८

मोठा स्वस्त का, ते मी स्वतः भोगून शिकलोय. नाशिकला नोकरी लागली तेव्हा साडेचार हजारांत २५० लिटरचा डबल डोअर घेतला होता. वय चौदा वर्षं. दोन माणसांच्या घरात आमचं बिल तोवर ८०-८५ युनिटांचं यायचं, ते १४०-१४५ वर गेलं. आपल्याकडे महिन्याचे १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर जवळजवळ दुप्पट होतो. तेव्हा वाढलेल्या साठ युनिटांपैकी बहुतेक महाग दराने लागले. महिन्याला साधारण पाचशे रुपये जास्त, वर्षाला सहा हजार. फ्रिजच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पहिल्याच वर्षी विजेत गेले.

फ्रिजच्या दारावरचं स्टारचं लेबल बघा. त्यावर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं आणि सालही असतं. साल महत्त्वाचं, कारण स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. बारा वर्षांपूर्वीचा पाच स्टार आजचा पाच स्टार नव्हे. लेबल खरवडून काढलेलं असेल तर आत किंवा पाठीमागे कंपनीची पट्टी असते, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष मिळतं.

सडेतोड । २६ मार्च, रात्री १०:२०

माझं मत वेगळं आहे. औषधासाठी फ्रिज घेताय आणि तोही जुना? ऐन मे महिन्यात बंद पडला तर? नवा सिंगल डोअर बारा-चौदा हजारांत येतो, वर्षाची वॉरंटी, कॉम्प्रेसरची दहा वर्षांची. ओळखीच्या कुणाकडून सहा-सात हजार हातउसने घ्या आणि नवाच आणा. २०१८ मध्ये फ्रिजवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे पूर्वीइतके महागही राहिले नाहीत.

गुलबक्षी । २६ मार्च, रात्री १०:४१

सडेतोड, तुमची काळजी पोचली. पण हातउसने घेतलेले मागच्या वर्षीच्या ऑपरेशनचेच अजून फिटायचे आहेत. आणखी कुणापुढे हात पसरवत नाही मला. सहा हजारांत जे बसेल तेच.

पान्हापक्कड । २७ मार्च, सकाळी ७:०५

गुलबक्षीताई, माझं जालन्यात फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. जुने फ्रिज विकतोही, त्यामुळे दुकानाच्या आतल्या बाजूने सांगतो.

"चालू होता, गार होता" याला काही अर्थ नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी चार तास चालवून ठेवला की गॅस अर्धा असलेला फ्रिजसुद्धा गारच लागतो. तुम्ही आदल्या संध्याकाळी दुकानदाराला सांगा की फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा, मी सकाळी येते. सकाळी तो तुमच्यासमोर चालू झाला पाहिजे. ज्याचा माल चांगला आहे तो याला नाही म्हणत नाही.

चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी फ्रीजरच्या पत्र्याला ओलं बोट लावा. चिकटायला लागलं पाहिजे. मग बर्फाची पांढरी साय कुठे धरते ते बघा. पूर्ण पत्र्यावर सारखी धरली तर गॅस पूर्ण आहे. एकाच कोपऱ्यात धरली आणि बाकी पत्रा नुसता ओला राहिला तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (गॅस जाणारी बारीक नळी) चोक आहे. आणि हे लक्षात ठेवा, फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही. ते बंद नळीत फिरणारं चक्र आहे. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी लिकेज आहे. "परवाच गॅस भरलाय" असं कुणी कौतुकाने सांगितलं तर विचारा, लिकेज कुठे होतं आणि ते बुजवलं का?

पाठीमागे काळी जाळी असेल तर ती वरच्या बाजूला चांगली गरम झाली पाहिजे. नव्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये जाळी दिसत नाही, ती नळी बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. त्यात बाजू गरम लागतात, तो दोष नाही. पण त्या नळीला लिकेज झालं तर दुरुस्ती अवघड.

मग तास-दीड तास थांबायची तयारी ठेवा. रिकामा फ्रिज मधल्या नंबरवर ठेवला की केव्हातरी कट झाला पाहिजे, म्हणजे कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला पाहिजे. उन्हाळ्यात वेळ जास्त लागेल. पण दोन-अडीच तासांतही कट झाला नाही तर सोडून द्या, तो वीज खाणार. कट झाल्यावर थोड्या वेळाने परत आपोआप सुरू होतो का तेही बघा. सुरू होताना टक-टक करून बंद पडत असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा भाग) किंवा ओएलपी (त्याला जादा भारापासून वाचवणारा भाग) गेलेला असतो. ते शे-दोनशे-चारशेचं काम. कॉम्प्रेसर गेला असेल तर मात्र फ्रिजच्या किमतीएवढा खर्च.

फ्रीजरच्या तळाला टॉर्च मारा. कुठे लांबीचा (भोक बुजवायच्या लेपाचा), सीलचा डाग दिसतो का? लोक बर्फ काढायला सुरी घालतात, ॲल्युमिनियमचा पत्रा पंक्चर होतो, गॅस जातो, आणि वरून लेप लावून फ्रिज विकला जातो. माझ्याकडे येणाऱ्या सिंगल डोअरमध्ये हे दुखणं सगळ्यात जास्त. लेप दिसला की हात जोडून बाहेर पडा.

डबल डोअर स्वस्त का ते आता सांगतो. त्यात पंखा, हीटर, टायमर किंवा सेन्सर असं बरंच काही असतं, आणि यातलं एक गेलं की खालचा कप्पा गार होत नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला असेल तर त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड महाग. जुन्या बाजारात त्याला गिऱ्हाईक कमी. तुम्हाला सिंगल डोअर, दहा वर्षांच्या आतला, एवढंच बघायचंय.

बर्फगोळा । २७ मार्च, सकाळी ८:१२

पान्हापक्कड काका, प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवण्यासारखा आहे. फ्रिज घेतला की चिकटवतो! :)

दाराच्या रबराची एक सोपी परीक्षा आमच्या बाबांनी शिकवली होती. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निसटली तर रबर ढिला. चारही बाजूंनी करायचं. आमच्याकडे हे करताना धाकट्याने नोट ओढून थेट खिशात घातली आणि म्हणाला, रबर पास.

पान्हापक्कड । २७ मार्च, सकाळी ८:३०

बरोबर आहे. पण रबरामुळे फ्रिज नाकारू नका. रबर बदलून मिळतो, चार-सहाशेत काम होतं. किंमत पाडायला उपयोग करा.

निळीशाई । २७ मार्च, दुपारी १:४४

मी फार्मासिस्ट आहे, इन्सुलिनबद्दल लिहिते. न उघडलेली व्हायल (औषधाची छोटी बाटली) किंवा इन्सुलिनचं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं मात्र खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, पण ती खोली ३० अंशांच्या आत हवी. अकोल्याची मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही. किती दिवस चालेल ते प्रत्येक औषधाच्या आतल्या कागदावर असतं, ते वाचा.

उष्णतेएवढीच गोठण्याची भीती. सिंगल डोअरमध्ये फ्रीजरच्या लगेच खालचा ट्रे आणि मागची भिंत फार गार होते. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी वापरायचं नाही, टाकून द्यायचं. एका प्लास्टिकच्या डब्यात घालून मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला ठेवा. आणि शंभर-दोनशे रुपयांचा फ्रिज थर्मामीटर नक्की घ्या. जुन्या फ्रिजचा थर्मोस्टॅट कितीवर कट होतो हे नॉबवरच्या आकड्यावरून कळत नाही.

सडेतोड यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून: सगळा साठा एका ठिकाणी ठेवू नका. महिन्याचं एकदम आणण्याऐवजी दहा-पंधरा दिवसांचं आणा. फ्रिज बिघडला तर नुकसान कमी.

दर्याकिनारी । २७ मार्च, दुपारी ३:१०

वापरातलं पेन माठाच्या गारव्यात ठेवायची युक्ती कुणी करून बघितलीय का? आमच्या मडगावला माठ काही खास गार होत नाही, हवेत दमटपणा एवढा की पाणी सुकतच नाही.

तिफण । २७ मार्च, दुपारी ३:२६

आमच्या यवतमाळला होतो की! कोरड्या हवेत माठ पाझरतो आणि पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. माझे आजोबा मोठ्या परातीत वाळू भिजवून त्यात लहान मडकं ठेवायचे, वर ओला पंचा. त्यात इन्सुलिनची डबी. वीज सलग दोन दिवस गेली होती तेव्हाही त्यावरच निभावलं. गुलबक्षी, फ्रिज येईपर्यंत आणि नंतर भारनियमनासाठीही हे तयार ठेवा. विदर्भातल्या हवेत याचा खरा उपयोग आहे.

चाळकरी । २७ मार्च, सायंकाळी ६:०२

थोडं अवांतर. आपल्या देशात बनलेला पहिला फ्रिज गोदरेजचा, १९५८ सालचा. आमच्या लालबागच्या चाळीत पहिला फ्रिज आला तो सत्तरच्या दशकात, पहिल्या मजल्यावरच्या एका मास्तरांकडे. मुठीएवढं हँडल, ओढलं की खट्ट आवाज. त्या फ्रिजमध्ये मास्तरांच्या घरचं सामान कमी आणि चाळीचं जास्त. माझ्या आजीच्या इन्सुलिनच्या बाटलीला दोरा बांधून त्यावर खोली नंबर लिहिलेला असायचा. सकाळी सात वाजता मी ती आणायला जायचो. मास्तरीणबाई दार कधी लावून घ्यायच्या नाहीत त्या वेळी. एकदाही "आज का उशीर" असं विचारलं नाही त्यांनी. तुमच्या गावच्या काकूंबद्दल वाचलं आणि हे सगळं आठवलं.

दूरदेशी । २७ मार्च, रात्री ११:५०

चाळकरी, त्या खट्ट आवाजाच्या हँडलवरून आठवलं. मी ओहायोत असते. तसल्या कडीच्या दारांमुळे इथे लपाछपी खेळणारी मुलं टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये अडकून दगावायची, कारण दार आतून उघडायचं नाही. म्हणून १९५६ मध्ये कायदाच झाला की दार आतून ढकलून उघडलं पाहिजे. आज सगळीकडे चुंबकाची पट्टी असलेला रबर दिसतो तो म्हणूनच रुळला. कुणाच्या गावच्या घरी तसा जुना फ्रिज पडवीत पडलेला असेल तर आधी त्याचं दार काढून ठेवा, कृपा करून.

कोथरूडकरीण । २८ मार्च, सकाळी १०:१९

गुलबक्षी, दुकानात जाण्याआधी बदली होणाऱ्या लोकांकडे विचारा. आपल्या राज्य सरकारच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, बँकवाल्यांच्याही साधारण याच सुमारास. तीन-चार वर्षं वापरलेला फ्रिज टेम्पोत घालून चारशे किलोमीटर नेण्यापेक्षा विकून टाकतात. माझे दोन्ही फ्रिज असेच घेतलेत. मालक समोर असतो, बिल असतं, आणि स्वयंपाकघर बघूनच कळतं फ्रिज कसा वापरलाय ते.

ऑनलाइन जाहिराती बघत असाल तर जपून. माझ्या भाचीला एकाने लष्करात आहे, तातडीने बदली झालीय असं सांगून फ्रिजचे फोटो पाठवले, किंमत अगदी साडेतीन हजार. गाडीभाड्याचे दोन हजार आगाऊ मागितले. तिने पाठवले, मग "परतावा देतो, हा कोड स्कॅन करा" म्हणून आणखी चार हजार गेले. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमचेच पैसे जाणार. फ्रिज डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. भाची अजून त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

सडेतोड । २८ मार्च, दुपारी १२:०७

कोथरूडकरीण यांचा मुद्दा मला पटला. मी दुकानातला जुना माल डोळ्यांसमोर ठेवून बोलत होतो. मालकाकडून थेट, बिलासकट, चार-पाच वर्षांचा मिळत असेल तर माझा विरोध नाही. हिशेबाची_वही यांचं गणित मात्र विसरू नका, पंधरा वर्षांचा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

हिशेबाची_वही । २८ मार्च, दुपारी १२:३०

अगदी. फुकटचासुद्धा नको.

गुलबक्षी । ३० मार्च, रात्री ८:४८

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी पान्हापक्कड दादांनी सांगितलं तसंच केलं. काल दुकानदाराला १८० लिटरचा बंद करून ठेवायला सांगितलं. जरा कुरकुरला, पण ठेवला. सकाळी चालू केला, मी स्टूलवर बसून पेपर तपासत होते. अर्ध्या तासाने फ्रीजरच्या डाव्या कोपऱ्यात हातभर पांढरं धरलं आणि बाकी सगळा पत्रा नुसता ओला! तासाभरानेही तेच. टॉर्च मारला तर तळाशी रुपयाएवढा राखाडी डाग. दुकानदार म्हणाला, "तो रंग आहे." मी काही बोलले नाही, निघून आले. परवा हाच फ्रिज हात लावून मला गारेगार वाटला होता.

पान्हापक्कड । ३० मार्च, रात्री ९:०३

पंक्चर बुजवलेला आहे आणि अजून झिरपतोय. तुम्ही नेला असता तर महिना-दीड महिन्यात कूलिंग गेलं असतं. बरं झालं. गॅस भरायला दोन-अडीच हजार, आणि पत्रा बदलायचा म्हटलं तर आणखी.

तिफण । ३० मार्च, रात्री ९:१०

पेपर तपासता तपासता दुकानदारालाही नापास केलंत ताई. :)

गुलबक्षी । ४ एप्रिल, सकाळी ११:३६

फ्रिज मिळाला! आमच्याच कॉलेजातल्या ग्रंथपाल मॅडमच्या शेजारी एक बँकेतले साहेब आहेत, त्यांची कोल्हापूरला बदली झाली. १९० लिटर, सिंगल डोअर, सहा वर्षांचा, मूळ बिल आणि पुस्तिका सोबत. त्यांनी साडेपाच सांगितले होते. रबर खालच्या बाजूला ढिला होता (दहाची नोट!), तो दाखवला आणि साडेचार हजारांत ठरलं. त्यांनीही आदल्या रात्री बंद करून ठेवला होता. वीस मिनिटांत अख्ख्या फ्रीजरवर साय धरली, दोन तासांच्या आत कट झाला. टेम्पोचे ५०० आणि दोन हमालांचे ७०० असे धरून ५,७०० झाले. १५० चा थर्मामीटर घेतला. दीडशे उरले, त्यात रबर बसत नाही, तो मानधन आल्यावर.

एक प्रश्न आहे. जिन्याच्या वळणावर तो उभा वळेना, म्हणून हमालांनी पाच-सात मिनिटं पूर्ण आडवा केला. आता लगेच चालू करू का? कॉम्प्रेसरवर पिवळा त्रिकोण आणि ज्वाळेचं चित्रही आहे, त्याचा अर्थ काय?

पान्हापक्कड । ४ एप्रिल, सकाळी ११:४४

लगेच नको! आडवा केल्यावर कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत जातं. उद्या सकाळपर्यंत सरळ उभा राहू द्या, मग चालू करा. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डवर नको. वीज जाऊन आली तर पाच मिनिटं थांबून सुरू करायचा.

ज्वाळेचं चित्र म्हणजे आत आर-६००ए गॅस आहे. तो पेट घेणारा असतो, पण फ्रिजमध्ये जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम भरलेला असतो, घाबरू नका. वीजही कमी लागते. फक्त पुढे कधी दुरुस्ती निघाली तर मेकॅनिकला आधीच सांगा की ६०० चा आहे. त्यात दुसरा गॅस भरू द्यायचा नाही.

आणि रबर लगेच बदलू नका. ढिल्या भागावर हेअर ड्रायरची गरम हवा मारा, बोटाने बाहेर ओढून आकार द्या आणि दार तासभर बांधून ठेवा. पुष्कळदा त्यानेच बसतो.

गुलबक्षी । ११ एप्रिल, रात्री ९:२०

आई आली. रबर हेअर ड्रायरनेच बसला, शेजारच्या ताईंकडून आणला होता. थर्मामीटर मधल्या कप्प्यात दुपारी ६ आणि पहाटे ४ दाखवतो. इन्सुलिनचा डबा निळीशाईंनी सांगितलं तसा पुढे ठेवलाय. आईने पहिल्या दिवशी उघडून बघितला, मग काकूंना फोन लावला आणि कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय ते त्यांना सगळं सांगितलं. खाली राहणाऱ्या आजींचे डोळ्यांचे थेंबही कालपासून आमच्याकडेच आहेत, डबीवर त्यांचं नाव लिहिलंय. चाळकरी, तुमचा दोरा आठवला.

पान्हापक्कड दादा, नॉब सध्या ३ वर आहे. मेमध्ये वाढवू का?

पान्हापक्कड । ११ एप्रिल, रात्री ९:५१

थर्मामीटर ८ च्या वर जायला लागला तरच ४ वर न्या, आणि नेल्यावर पहाटेचं तापमान बघा, २ च्या खाली जाता कामा नये. बर्फ बोटभर जाड झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा, सुरी लावू नका. पाऊस पडला की नॉब २ वर.